स्पर्श आधी

अंबडला, नट-बोल्टच्या कारखान्यावरच्या माळ्यावर
जयवंती महाले हात पसरून उभी आहे.
आम्ही तिच्या अंगावर सतरा बटणं बांधतोय.
मनगट, कोपर, दंड, खांदा,
एक माकडहाडाच्या जरा वर, त्यानं तिला गुदगुल्या होतात.
अश्फाक पट्टा आवळताना विचारतो, फार घट्ट?
ती म्हणते, बुटांपेक्षा बरंय.

सुरगाण्याकडची. वय एकोणीस.
खो-खोत पाटीवर पाचवी बसते.
तिच्या धावण्याचा साचा काढायचा,
मग चष्मा घातला की कुठल्याही गावची पोर
रिकाम्या खोलीत तिच्यामागे धावेल.
असं प्रस्तावात लिहिलंय.
मीच लिहिलंय.

पहिला आठवडा हरवलेले निरोप मोजण्यात गेला.
बटणं हवेतून बोलतात,
छातीवरच्या डबीला कळवतात
गुडघा इतका वाकला, टाच उचलली.
पण ती वाकली
की पाठीचं बोलणं छातीला ऐकू जात नाही.
मधे ती स्वतःच येते,
तिच्यातलं पाणी लहरी पिऊन टाकतं.
पडद्यावरची जयवंती सूर मारता मारता गोठते
आणि दोन फूट पुढे एकदम उगवते.
मधलं धावणं
कुणी पाहिलेलंच नाही.

खाली लेथ सुरू झालं की उत्तर दिशाच सरकते.
एकदा तिची दोन्ही पावलं उलटी फिरली.
ती हसून हसून फरशीवर बसली,
"हडळ केलीत की ओ माझी!"

मग आम्ही हवा सोडली, कातडी धरली.
नवी बटणं अंगातूनच निरोप धाडतात,
इतक्या हलक्या विजेनं
की अंगाला पत्ता लागत नाही.
आता वाक, लोळ, सूर मार,
एकही आकडा गळत नाही.

त्या संध्याकाळी आठव्या बटणाचा पट्टा अडकला.
मी सोडवायला तिच्या दंडाला हात लावला
आणि माझ्या मनगटावरची चाचणीची डबी
तिचे आकडे दाखवू लागली,
तिचा खांदा, तिचा गुडघा,
दिवसभराच्या धावण्यानं अजून थरथरणारी तिची पोटरी.
अश्फाक म्हणाला, गळती आहे, लिहून ठेव.
लिहिलं.
हात मात्र जरा उशिरा काढला.

सोमवारी तिला चष्मा चढवला.
आत मैदान होतं, पंचवटीतल्या एका शाळेचं,
फोटो जोडून केलेलं, माती जरा जास्तच लाल.
पाटीवर सात जणी आमच्या आकड्यांच्या,
आठवी ती.
मागून एक आकृती धावत आली
आणि कानात, खो!

जयवंती उठली नाही.

पुन्हा लावलं. खो!
टाच उचललेली, बोटं फरशीला टेकलेली,
सतराही बटणं एकमुखानं सांगत होती, तयार आहे.
उठली नाही.

चष्मा काढून म्हणाली, "फाउल आहे हा.
आधी पाठीला हात लागतो, मग खो.
तुमच्या पोरी नुसत्याच ओरडतात."

मी म्हटलं, पाठीवर थरथरणारी चकती लावू,
चाळीस मिलीसेकंद उशीर होईल फार तर.
"म्हणजे किती?"
पापणी लवते ना, त्याहून कमी.
तिनं विचार केला.
"बसा," म्हणाली.

मी बसले, खिडकीकडे तोंड करून, उकिडवी.
लेथ थांबलं होतं. जानेवारीची थंडी फरशीतून
बोटांत चढत होती.
ती कुठून येतेय कळत नव्हतं,
अनवाणी पावलांना आवाज नसतो.
पाठ एकटीच ऐकत होती.

मग पाच बोटं, किंचित घामट,
आणि त्यांच्यामागून तो शब्द.

तो पोचला तेव्हा
मी केव्हाच उठून टेबलाला धडकले होते,
अश्फाकचं हेल्मेट गडगडत जिन्याकडे चाललं होतं
आणि ती मागून ओरडत होती,
"बघता काय, पळा!"